रात्री दोन वाजता १०८ ला फोन करायचा की नाही?

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. आई एक्याऐंशी वर्षांची, डिमेन्शियाला आठ-नऊ वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यापासून अंथरुणावर आहे, बोलणं जवळपास थांबलंय, तुम्हाला ओळखत नाही. इस्पितळातून घरी पाठवताना डॉक्टरांनी सांगितलं की आता बरं होण्यासारखं काही नाही, फक्त त्रास कमी ठेवायचा. आठवड्यातून एकदा पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी ठेवणाऱ्या टीमची, नर्स येऊन जाते. बायको म्हापशाला कामाला जाते, बहीण सावंतवाडीला दिलेली, म्हणजे दिवसभर आईजवळ तुम्ही एकटेच. मामा म्हणतात, सलाईन लावा, नाकातून नळी घाला, अशी उपाशी ठेवू नका. आणि तुम्हाला झोप लागत नाही ती या विचाराने, की रात्री श्वास अडकला तर १०८ ला फोन करू की नको? केला तर बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेऊन नळ्या घालतील. नाही केला तर लोक म्हणतील, मुलाने मरू दिलं.

मी नर्स आहे. आधी वॉर्डात, आणि मग बरीच वर्षं गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, पेडण्याच्या वाड्यांवर घरोघरी जाऊन अशा आजाऱ्यांकडे पाहिलंय. त्यामुळे कुठल्या गोळीचा किती डोस हे मी सांगणार नाही, ते तुमच्या टीमच्या डॉक्टरांकडूनच यायला हवं. पण रात्रीचं जे विचारलंत त्यावर बोलू शकते.

तुमचा प्रश्न रात्रीचा वाटतो, पण तो रात्री सोडवायचा नसतो. रात्री दोन वाजता, आई घरघरते आहे, बायको रडते आहे, शेजारचा माणूस गाडी काढायला तयार उभा आहे, अशा वेळी कुणीही माणूस फोनच करणार. मीसुद्धा करीन. तो निर्णय दुपारी चार वाजता, चहा घेताना, बहीण आणि मामा दोघंही समोर असताना घ्यायचा आणि कागदावर लिहून ठेवायचा. परदेशात हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या काळातली सेवा, म्हटलं की चोवीस तास फोनवर नर्स असते, लागली तर घरी येते. आपल्याकडे टीम आठवड्यातून, कधी पंधरवड्यातून एकदा येते. मधले सगळे तास तुमचे. म्हणून त्या तासांची तयारी ही टीमच्या भेटीपेक्षाही महत्त्वाची.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी सांगते, कारण सगळ्यांना एकच उत्तर लागू होत नाही. आई किती जवळ आलेली आहे, हे पहिलं. डिमेन्शियाच्या पायऱ्या मोजायला फास्ट नावाची एक पट्टी वापरतात. तिच्या शेवटच्या, सातव्या पायरीत आधी बोलणं पाच-सहा शब्दांवर येतं, मग एका शब्दावर, मग चालणं जातं, मग आधाराशिवाय बसणं, मग चेहऱ्यावरचं हसू, आणि अखेर मान सावरणं. तुमच्या वर्णनावरून आई याच पायरीवर आहे. पण या पायरीवर माणूस काही आठवडे राहतो तसा वर्षभरही राहतो. कॅन्सरचा उतार बऱ्याचदा दिसतो तरी, डिमेन्शियात ताप येतो, सगळे पाहुणे येऊन बसतात, आणि आठवड्याने म्हातारी पुन्हा पेज मागते. तेव्हा कुणी तारीख सांगितली तर विश्वास ठेवू नका. दुसरं, आईला आणखी काय आहे: मधुमेह, दमा, हृदय? तिसरं, जवळचा एखादा डॉक्टर रात्री फोन उचलेल का, आणि गरज पडली तर येईल का? चौथं, आई शुद्धीत असताना कधी काही बोलली होती का? शेजारचं कुणी नळ्यांमध्ये गेलं तेव्हा ती काय म्हणाली होती? बहिणीला विचारा, असल्या गोष्टी मुली जास्त लक्षात ठेवतात.

मामांचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो सुटला नाही तर रात्रीचा कागद फाडायला तेच पहिले येतील.

मामांना वाटतं आई खात नाही म्हणून खंगते आहे. प्रत्यक्षात शरीर बंद होत आलंय म्हणून भूक गेली आहे. गिळण्याची क्रिया मेंदू चालवतो, आणि तो मेंदूच आजारी आहे. नाकातून नळी घातली तरी तोंडातली लाळ आणि पोटातून वर आलेलं अन्न श्वासनलिकेत जायचं ते जातंच. डिमेन्शियाच्या या टप्प्यात नळीने आयुष्य वाढत नाही, न्यूमोनिया टळत नाही, पाठीच्या जखमाही भरत नाहीत. अमेरिकेतल्या जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटीने २०१४ साली हेच स्पष्ट सांगून हाताने सावकाश भरवणं सुचवलं आहे. शिवाय आई ती नळी ओढून काढणार. मग तिचे हात पट्टीने पलंगाला बांधणार. मामांना एकदा हे चित्र डोळ्यांसमोर आणायला सांगा, आपल्या बहिणीचे हात बांधलेले. वाद घालण्यापेक्षा याचा जास्त उपयोग होतो, हा माझा अनुभव.

सलाईनचंही तसंच. शेवटच्या दिवसांत शरीराला तेवढं पाणी पेलत नाही. ते हातापायांत सुजेच्या रूपाने साठतं, छातीत घरघर वाढवतं. तोंड कोरडं पडतं हे खरं, पण त्याला सलाईन नाही, तोंडाची निगा लागते. ओलं गॉझ बोटाला गुंडाळून हिरड्या, जीभ, गालाच्या आतली बाजू दर दोन-तीन तासांनी पुसा. ओठांना खोबरेल किंवा तूप लावा. हे काम मामांना द्या. खरंच द्या. येऊन नुसतं बसणाऱ्या माणसाला हातात काम नसलं की तो सल्ले देतो.

मात्र उपाशी ठेवा असं मी म्हणत नाही. आई जागी आहे, तोंड उघडते आहे, तोवर भरवा. उकड्या तांदळाची पेज घोटून जाडसर करा, नाचणीचं तिजण, पिकलेलं केळं कुस्करून. पाणी आणि चहा यांसारखे पातळ पदार्थ घशात पटकन घसरतात, म्हणून ठसका जास्त त्यांनीच लागतो. जाडसर घास बरा. तिला उशांच्या आधाराने ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा, अर्धाच भरलेला. गिळलं हे पाहूनच पुढचा. घास गालात धरून ठेवला, तोंड फिरवलं, दात आवळले की तिथे थांबा. चार चमचे तर चार चमचे. जेवणानंतर अर्धा तास आडवी करू नका. झोपेत किंवा गुंगीत असताना काहीही भरवू नका, तीर्थसुद्धा नाही. तीर्थ द्यायचंच असेल तर कापसाने ओठांना लावा, तुळशीचं पान जिभेवर न ठेवता ओठांना टेकवा. भटजी काही म्हणत नाहीत, मी विचारलेलं आहे.

खाणं कमी झालं की एक गोष्ट लोक विसरतात: औषधं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन पूर्वीच्याच मापाने चालू राहिलं आणि पोटात अन्न नाही, तर साखर एकदम खाली येते, आणि ती रात्रीच येते. कोलेस्टेरॉलची गोळी आता कशाला हवी? रक्तदाबाची पूर्वीइतकी लागते का? स्मरणशक्तीच्या गोळ्या चालूच आहेत का? स्वतःहून काही बंद करू नका. पुढच्या भेटीत सगळी पाकिटं ताटात ओतून नर्ससमोर ठेवा आणि डॉक्टरांकडून एकेकीचं विचारून घ्या. बारा गोळ्यांच्या चार झाल्या की आईचाही छळ वाचतो आणि तुमचाही.

आता मुलाने आईचं सगळं करण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की डायपर बदलताना ती ओरडते, हात पकडते, एकदा चावली, आणि तुम्हाला लाज वाटते. ती तुम्हाला ओळखत नाही, हे इथे लक्षात घ्यायचं. तिच्या दृष्टीने एक परका पुरुष तिची कापडं ओढतो आहे, आणि त्यावर कुठलीही बाई जे करील ते ती करते आहे. त्यात तुमच्यावरचा राग नाही. काही गोष्टींनी फरक पडतो. साडी, चोळी, परकर आता बाजूला ठेवा. सुती गाऊन घ्या आणि पाठीमागून वरपासून खालपर्यंत फाडून कडा शिवून घ्या, तो पुढून घालता येतो, आई उचलावी लागत नाही. अंगावर कायम एक जुनी सुती साडी पांघरलेली असू दे. फक्त जो भाग पुसायचा तेवढाच उघडा. हात आणि पाणी दोन्ही कोमट. काही करण्याआधी समोर येऊन, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, आई म्हणून हाक मारा आणि काय करणार ते सांगा, तिला कळो न कळो. आणि तिच्या दोन्ही हातांत काहीतरी द्या, जपमाळ, टॉवेलची गुंडाळी. धरायला काही असलं की ती तुमचं मनगट धरत नाही. अंघोळीसारखं मोठं काम बायको घरी असतानाच्या वेळेत ठेवा, किंवा सकाळी तासभर येणारी एखादी बाई मिळते का पाहा. हे सगळं मुलाने केलं तर आईची अब्रू जाते, असं मला वाटत नाही. पण तुम्हाला जड जातं, आणि ते जड जाऊ शकतं. जिथे दुसरे हात मिळतील तिथे घ्या.

पाठीच्या जखमांचं थोडक्यात. दर दोन तासांनी कूस बदला, पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी लावून थोडं तिरकं. टाचा पलंगाला टेकता कामा नयेत, पोटऱ्यांखाली उशी. एअर मॅट्रेस चांगली, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबरात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि पंप बंद पडला की ती गादी हळूहळू बसते आणि आई थेट फळीवर येते. म्हणून खाली फोमची गादी राहू द्या, इन्व्हर्टर असेल तर पंप त्यावर जोडा. पावसाच्या दमट हवेत जांघेत आणि छातीखाली बुरशीचा चट्टा धरतो. पुसून झाल्यावर तो भाग कोरडा करा, घासून नाही, टिपून. पावडरीचे थर देऊ नका. माकडहाडावर लाल डाग दिसला आणि बोटाने दाबल्यावर तो पांढरा होत नसेल तर टीमला त्याच दिवशी फोटो पाठवा. डागावर मालीश मात्र नको.

आता रात्र.

टीमकडून एक डबा मागून घ्या, शेवटच्या काळात लागणाऱ्या औषधांचा. त्यात साधारण वेदना आणि धाप यांसाठी मॉर्फिन, घशातला स्राव कमी करणारं औषध, अस्वस्थपणासाठी काही, तापाची गुदद्वारातून द्यायची पॅरासिटॅमॉल, आणि बद्धकोष्ठाचं औषध असतं. प्रत्येक पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून घ्या: कशासाठी, किती, किती वेळाने पुन्हा. मॉर्फिन साध्या फार्मसीत मिळत नाही. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवता आणि देता येतं. म्हणजे रात्री धावपळ करून मिळणारी ही वस्तू नव्हे. संपत आली की चार दिवस आधी सांगा.

मॉर्फिनबद्दल एक गोष्ट आधीच बोलून ठेवते. धाप आणि वेदनेसाठी या वयाला सुरुवातीला अगदी लहान डोस देतात, आणि त्या डोसने माणूस जात नाही. पण आई जाणार तेव्हा तिला दिलेला कुठलातरी डोस शेवटचा असणारच, आणि तो तुमच्या हातून किंवा बायकोच्या हातून दिलेला असेल. त्यानंतर वर्षभर मनात येत राहतं, मी दिलं म्हणून गेली का? बायकोलाही हे आत्ताच सांगा. आणि मॉर्फिन चालू झालं की पोट साफ होण्याचं औषध त्याच दिवसापासून. बद्धकोष्ठ हे तळमळीचं सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे.

रात्री काय काय होऊ शकतं? बहुतेक वेळा यांपैकी काहीतरी.

घरघर. घशात साठलेला स्राव श्वासाबरोबर हलतो आणि आवाज अख्ख्या घरात ऐकू येतो. ऐकणाऱ्याला वाटतं ती बुडते आहे. त्या अवस्थेत ती जवळजवळ बेशुद्ध असते, खोकण्याचीही गरज तिला जाणवत नाही. तिला कुशीवर करा, डोकं थोडं उंच, तोंड जरा खालच्या बाजूला, म्हणजे स्राव बाहेर ओघळतो. कापडाने टिपा. ग्लायकोपायरोलेट किंवा बुस्कोपॅन सांगितलं असेल तर ते लवकर द्यायचं असतं, कारण ते नवा स्राव कमी करतं, साठलेला काढत नाही. सक्शन मशीन मागवू नका. घशात नळी खुपसून आणखी स्राव तयार होतो.

श्वास थांबणं. आधी श्वास खोल होत जातात, मग उथळ, मग पूर्ण थांबतो. अर्धा मिनिट काही नाही. घरातला एखादा हंबरडा फोडतो, आणि आई पुन्हा श्वास घेते. असं काही तास, कधी दिवसही चालतं. यात करण्यासारखं काही नाही, तिला यात त्रासही नसतो. धाप दिसत असेल, म्हणजे नाकपुड्या फुलताहेत, मानेचे स्नायू ओढले जाताहेत, कपाळावर आठ्या आहेत, तर खिडकी उघडा, पंखा चेहऱ्यावर येईल असा फिरवा, डब्यातला डोस द्या. ऑक्सिजनचा सिलिंडर दर वेळी लागत नाही, बऱ्याच वेळा पंख्याने तेवढंच साधतं.

तळमळ, कण्हणं. आई सांगू शकत नाही, तेव्हा बघून ओळखायचं. पेनॅड नावाची एक सोपी मोजणी आहे. पाच गोष्टी पाहायच्या: श्वास, तोंडातून येणारा आवाज, चेहरा, अंगाची हालचाल, आणि हात लावून बोलल्यावर ती शांत होते का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहापैकी. नर्सकडून एकदा समजून घ्या, मग फोनवर तुम्ही, आई खूप अस्वस्थ आहे, असं न सांगता, सहा आहे, मघाशी तीन होता, असं सांगू शकाल. डॉक्टरला याचा फार उपयोग होतो. पण औषधाआधी चार गोष्टी तपासा. ओटीपोट फुगलेलं आणि टणक आहे का, म्हणजे लघवी अडकली आहे का? पोट किती दिवसांत साफ झालेलं नाही? डायपर ओला आहे का? हात किंवा पाय अंगाखाली दबलाय का? अर्ध्या वेळा कारण इथेच सापडतं. झोपेची किंवा वेडसरपणाची म्हणून मिळणारी औषधं घरातल्या जुन्या पाकिटातून देऊ नका. त्यांतल्या काहींनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचं प्रमाण वाढतं असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २००५ सालीच दिला आहे. टीम देते तेव्हा हे सगळं तोलून देते.

ताप. कोमट पाण्याने पुसणं, पॅरासिटॅमॉल. अँटिबायोटिक द्यायचं की नाही हे मात्र खरोखर परिस्थितीवर आहे. महिन्याभरापूर्वी बऱ्यापैकी खात होती, तर तोंडावाटे दिलेल्या औषधाने ती पुन्हा तिथपर्यंत येऊ शकते. गिळणंच बंद झालंय आणि हा तिसरा न्यूमोनिया आहे, तर शिरेतून औषध देण्यासाठी तिला हलवून काय मिळवायचं, हा प्रश्न आहे. हे टीमशी आधी बोलून कागदावर घ्या.

फिट येणं. सगळ्यांना येत नाही. आली तर कुशीवर करा, तोंडात चमचा, बोट, काहीही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. टीमने नाकात मारायचा फवारा दिला असेल तर तो मारा आणि फोन करा.

मग १०८ कधी? मी घरच्यांना एकच कसोटी सांगते: तिला आत्ता जो त्रास होतो आहे, त्यावरचा इलाज घरात नाही, पण तिथे आहे का? पलंगावरून पडली आणि पाय वाकडा दिसतो आहे, तर हो, न्या, मोडलेल्या हाडाची वेदना घरच्या डब्याने आवरत नाही. लघवी अडकून कळवळते आहे आणि रात्री कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालायला कुणी नाही, तर जवळच्या सरकारी इस्पितळात न्या, घालून परत आणा. फिट थांबतच नाही, रक्तस्राव होतो आहे, डब्यातली औषधं सांगितल्याप्रमाणे देऊनही ती तळमळतेच आहे आणि टीमचा फोन लागत नाही, तरी न्या. यातलं काहीही केलंत म्हणून घरी ठेवण्याचा निर्णय मोडला असं होत नाही. पण घरघर, थांबून थांबून येणारा श्वास, थंड पडणारे हातपाय, गुडघ्यांवर उठणारी निळसर जाळी, लघवी कमी होणं, यांवर तिथे असा कुठलाही इलाज नाही जो तुमच्या घरात नाही. आणि १०८ वाल्यांचं काम जीव वाचवायचं. ते छाती दाबणार, त्यांना दोष देता येत नाही. कधी बोलावलंच तर दारातच फाइल दाखवा आणि कशासाठी बोलावलं ते सांगा.

इस्पितळात एकदा व्हेंटिलेटर लागला की तो काढणं घरच्यांच्या एका शब्दावर होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. तरीही डॉक्टरांची दोन मंडळं बसतात, नातेवाइकांची संमती लागते. म्हणून न लावण्याचा विचार आधी करणं सोपं. लिव्हिंग विल म्हणजे शेवटच्या काळात कुठले उपचार नकोत हे माणसाने स्वतः आधी लिहून ठेवणं. आई ते आता करू शकत नाही, त्यासाठी निर्णयक्षमता लागते. तुम्ही मात्र करू शकता, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर. आपल्याकडे २०२४ साली उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातले न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी गोव्यातलं पहिलं लिव्हिंग विल केलं, तेव्हापासून लोक याबद्दल विचारू तरी लागले आहेत.

तर दुपारी चार वाजता बसून काय लिहायचं? एक कागद. वर टीमचा नंबर, जवळच्या डॉक्टरांचा, बहिणीचा, गाडीवाल्या शेजाऱ्याचा. खाली डब्यातल्या औषधांची नावं आणि कशासाठी ते. मग वर सांगितलेल्या दोन याद्या: यासाठी न्यायचं, यासाठी नाही. आणि शेवटी, हे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, म्हणून तुमची, बायकोची, बहिणीची आणि मामांची सही. कायद्यात या सहीला काही किंमत नाही, पण घरात आहे. बहीण येऊ शकत नसेल तर व्हिडिओ कॉलवर घ्या, तिला नंतर कळवू नका. लांबून येणाऱ्या माणसाला आपण काही केलं नाही असं वाटत असतं, आणि ते वाटणं शेवटच्या दिवशी भांडण होऊन बाहेर पडतं. घरात कुणी देवाला कौल लावायचा म्हणत असेल तर तोही याच आठवड्यात लावा, रात्री दोनला पुजाऱ्याला उठवायची वेळ नको. कागद कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा.

तुमच्या झोपेबद्दल. आपल्याच गोव्यात, डॉ. अमित डायस आणि संगाथ या संस्थेच्या मंडळींनी डिमेन्शियाच्या ८१ कुटुंबांसोबत एक अभ्यास केला होता, २००८ साली तो प्रसिद्ध झाला. साधं शिक्षण घेतलेल्या स्थानिक लोकांना थोडं प्रशिक्षण देऊन घरी पाठवलं, त्यांनी घरच्यांशी बोलून सल्ला आणि आधार दिला, तर सांभाळणाऱ्यांची मानसिक अवस्था सुधारली. गोळी नव्हती ती, माणूस होता. तुम्हाला असा माणूस हवा आहे. आठवड्यातून दोन रात्री बहीण किंवा मामा आईजवळ झोपतील असं ठरवा आणि त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपा. मामा सही करताना कुरकुरले तर त्यांना पहिली रात्र द्या.

राहिलं, आई गेल्यानंतरचं. कुणी बोलत नाही, आणि नेमका तिथेच घोळ होतो. श्वास थांबला, पुन्हा आला नाही, तर १०८ ला फोन करू नका आणि घाईने इस्पितळात नेऊ नका. तिथे पोचण्याआधीच मृत अशी नोंद झाली की पोलिसांना कळवावं लागतं, शवचिकित्सेपर्यंत प्रकरण जाऊ शकतं, आणि दिवसभर तुम्ही शवागाराबाहेर. घरी मृत्यू झाला तर आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचा दाखला, नमुना ४ अ, द्यायचा असतो. म्हणून तो कोण देणार हे आजच विचारा. टीमचे डॉक्टर रात्री येतील का? नसतील, तर गावातल्या डॉक्टरना आत्ताच एकदा घरी बोलावून आई दाखवा, फाइल दाखवा. ज्यांनी तिला कधी पाहिलंच नाही ते पहाटे सही करायला का-कू करणारच, आणि त्यांचं चूक नाही. पंचायतीत नोंदणी एकवीस दिवसांच्या आत, आईचं आधार कार्ड आणि तो दाखला घेऊन. मॉर्फिनच्या उरलेल्या गोळ्या मोजून टीमला परत करा. शेजारच्या कुणाची कंबर दुखते म्हणून चार देऊ नका, कोणी कितीही गोड बोलून मागितल्या तरी.